रायगडाआधी खाडी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीचं ठिकाण ठरू लागतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातल्या मराठी शाळेत किल्ला म्हटलं की नावं ठरलेली असतात: रायगड, प्रतापगड, शिवनेरी, फार तर लोहगड. चौथीत शिवचरित्र शिकलेलं असतं, त्यामुळे ही नावं मुलांच्याही तोंडी असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि या ओढीला आणखी जोर मिळाला. वर सांगितलेले चारही किल्ले त्या यादीत आहेत. ठाणे किंवा पालघर जिल्ह्यातला मात्र एकही नाही. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण याच पट्ट्यातल्या दिव्याच्या शाळेने आपली पहिली गडसहल या यादीवरून ठरवू नये, असं माझं मत आहे. ती सहल खाडीवर जावी, कल्याणच्या दुर्गाडीपासून वसईच्या कोटापर्यंत. किल्ला कळायचा तर तो काय राखत होता हे आधी डोळ्यांना दिसावं लागतं. डोंगरावरचा गड ज्या घाटवाटा राखत होता त्या दिव्याच्या मुलाने कधी पाहिलेल्या नसतात. खाडीकाठचा कोट जे पाणी राखत होता ते पाणी तो रोज गाडीतून बघतो.

गडावर जाण्याची आपली रीत कुठून आली, हे आधी पाहायला हवं. रायगड इंग्रजांच्या अमलात जवळजवळ विस्मरणात गेला होता. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ च्या सुमारास तिथल्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, पुढे टिळकांनी जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. म्हणजे आधुनिक काळात महाराष्ट्र गडावर प्रथम गेला तो यात्रेकरू म्हणून. त्या वेळी तेच योग्य होतं, कारण हरवलेला अभिमान जागा करायचा होता. शाळेच्या सहलीने ही यात्रेची चाल जशीच्या तशी उचलली. पायऱ्या चढायच्या, घोषणा द्यायच्या, समाधीपुढे हात जोडायचे, सामूहिक फोटो काढायचा. यात भक्ती आहे, दमणूक आहे, आनंदही आहे. इतिहासाला लागतो तो प्रश्न तेवढा नाही. शिवाय या रीतीमुळे एक मोजमाप पक्कं झालं: गड जितका उंच आणि त्यावरचा प्रसंग जितका मोठा, तितका तो सहलीच्या लायक. ज्यांच्यावर ना समाधी, ना राज्याभिषेक, असे सपाटीवरचे कोट या मोजमापात बसलेच नाहीत. आणि उत्तर कोकणाचा इतिहास तर बहुतेक अशाच कोटांभोवती घडला.

नकाशा समोर घेतला की हे लगेच ध्यानात येतं. राजमाचीच्या दरीतून निघालेली उल्हास नदी कल्याणला येईपर्यंत तिची खाडी झालेली असते. भरतीचं पाणी तिथवर चढतं, म्हणून समुद्रापासून इतक्या आत असूनही कल्याण बंदर होऊ शकलं. तिथून पाणी पश्चिमेला वळतं आणि डोंबिवली, दिवा, मुंब्रा डाव्या हाताला ठेवत ठाण्यापाशी येतं. ठाण्याला त्याचा एक अरुंद फाटा दक्षिणेला मुंबई बंदराकडे जातो, मोठा प्रवाह घोडबंदरावरून वसईला समुद्रात मिळतो. कल्याणच्या पाठीशी नाणेघाट आणि बोरघाट, म्हणजे जुन्नरचा आणि देशावरचा माल उतरायचा रस्ता. कल्याणच्या पुढ्यात हे पाणी. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत ती या रस्त्यामुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो, आणि तो फार बोलका आहे. तिथला व्यापार त्या वेळी अडवला गेला होता. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. बंदर जिवंत होतं, पण बाहेरच्या पाण्यावर हुकमत दुसऱ्याची होती. पुढच्या सतराशे वर्षांत राजे आणि धर्म बदलले, जहाजांची बांधणीही बदलली. कल्याणची ही अडचण मात्र बदलली नाही.

सतराव्या शतकात ती पुन्हा समोर आली. १६३६ च्या तहानंतर हा मुलूख आदिलशाहीकडे गेला होता. ऑक्टोबर १६५७ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. घाटमाथ्यावर वाढलेल्या सत्तेच्या हाती पहिल्यांदा खाऱ्या पाण्याचं बंदर आलं. पुढे दोन वर्षांच्या आत इथे जहाजं बांधली जाऊ लागली. याचा पुरावा बखरींत शोधावा लागत नाही. तो पोर्तुगिजांच्या कागदांत आहे, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकांनी गोव्याच्या दप्तरातून तो पुढे आणला आहे. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून लिस्बनला कळवलं गेलं की, शहाजीच्या मुलाने वसईच्या मुलखाला लागून असलेला प्रदेश घेतला आहे आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथे लढाऊ जहाजं बांधवली आहेत. ती बाहेर पडू देऊ नयेत, अशी ताकीद वसईच्या कप्तानाला होती. बांधकामावर रुय लेईतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची तीनशेहून अधिक माणसं होती. वसईकरांनी आतून निरोप धाडून त्यांना काम सोडायला लावलं. १६६१ मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेने कल्याण घेतलं आणि मराठी आरमाराचं बळ पुढच्या काळात दक्षिणेकडच्या समुद्रदुर्गांपाशी उभं राहिलं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. मालवणला जाऊन आरमाराचा इतिहास शिकणाऱ्या मुलाला, त्याची सुरुवात आपल्या घराच्या दोन-तीन स्टेशनांच्या अंतरात झाली, हे सांगायला नको का?

इथे एक गंमत आहे, आणि थोडी खंतही. कल्याणच्या त्या स्वारीबद्दल शाळकरी मुलाला विचारलं तर तो जहाजांचं सांगत नाही. सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगतो. ती गोष्ट नाटकांनी, चित्रांनी, भाषणांनी घरोघर पोहोचवली. पण त्या विशिष्ट प्रसंगाला समकालीन कागदांचा आधार मिळत नाही, हे अभ्यासक सांगत आले आहेत. स्त्रियांच्या बाबतीत महाराजांची शिस्त कडक होती याला इतर भक्कम पुरावे आहेत, तेव्हा गोष्ट वगळली म्हणून थोरवी उणी होत नाही. प्रश्न निराळा आहे. ज्याला कागद नाही ते पाठ आणि ज्याला परदेशी दप्तराची साक्ष आहे ते ठाऊकच नाही, अशी उलटापालट का झाली? एक कारण मला वाटतं ते असं की, गोष्ट कुठेही बसून सांगता येते. गोदी कळायला खाडीच्या काठावर उभं राहावं लागतं, आणि तिथे आपण मुलांना नेतच नाही.

काठावर नेलं की पुढचा ऐंशी वर्षांचा इतिहास आपोआप उलगडतो. कल्याणहून जहाज निघालं तर समुद्र गाठायला दोनच वाटा: एक ठाण्याची, एक वसईची. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, तेव्हापासून या दोन्ही वाटांवर त्यांचा पहारा. कल्याण घेणाऱ्याची स्थिती अशी, की घर आपलं झालं, पण दोन्ही दारांची कुलपं शेजाऱ्याची. १७२० च्या सुमारास मराठ्यांनी मोगलांकडून कल्याण परत मिळवलं तेव्हा हा पेच पुन्हा उभा राहिला, आणि आता मागे पेशव्यांचं बळ होतं. पोर्तुगिजांनाही ते कळत होतं. १७३० नंतर ते घाईने ठाण्याला नवा कोट बांधू लागले आणि त्या खर्चाचा बोजा साष्टीतल्या रयतेवर पडला. धर्माच्या जाचाला कराचा जाच मिळाला. तेव्हा पुण्याकडे संधान बांधणाऱ्यांत भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पुढे होते. अंजूर खाडीच्या पलीकडच्या तीरावर आहे. वसई मोहीम बाजीराव आणि चिमाजी यांच्या नावांनी ओळखली जाते आणि ते योग्यच. पण मुळात तिची मागणी या काठावरच्या माणसांनी केली होती. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठी फौज रात्रीतून खाडी ओलांडून ठाण्यात उतरली. कोट अजून अर्धाच झाला होता, तो पडला. साष्टीतली ठाणीही एकामागून एक हातात येत गेली.

राहिली वसई, आणि तिने दोन वर्षं घेतली. या वेढ्याचं भूगोलाशी असलेलं नातं इतकं उघड आहे की त्याहून चांगला धडा मिळणं अवघड. कोटाच्या दोन बाजूंना समुद्र आणि खाडी, पूर्वेला दलदल. हल्ल्याला जमीन मिळते ती उत्तरेकडून, तीही वाळूची. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पा स्वतः वेढ्यावर आले. उघड्या वाळूत तोफांच्या माऱ्याखाली मोर्चे पुढे सरकवायचे, बुरुजांखाली सुरुंग खणायचे, ते शत्रूने हुडकून निकामी केले तर पुन्हा खणायचे, असं तीन महिने चाललं. मेच्या मध्यावर सां सेबास्तियांवचा बुरूज सुरुंगाने उडाला, पडलेल्या खिंडारात हातघाई झाली आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी तहाच्या अटी मान्य केल्या. मेलेल्या-जखमी झालेल्या मराठ्यांची संख्या हजारांत गेली. तहात मात्र सूड नाही. जाणाऱ्यांना बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा, राहणाऱ्यांना आपल्या धर्माने राहण्याची मुभा. य. न. केळकरांनी १९३७ मध्ये ‘वसईची मोहीम’ लिहिली तेव्हा या मोहिमेचा कागद न् कागद वाचनात आणला. पण त्या पुस्तकाची कीर्ती जितकी पोहोचली तितकी मुलांची पावलं वसईत पोहोचली नाहीत.

यावर पहिला आक्षेप येईल तो शिक्षकांचाच, आणि तो रास्त आहे: दुर्गाडीवर पाहायला आहे काय? खरंच थोडं आहे. मोगल अमलात कल्याणला तटबंदी झाली, मराठ्यांनी कोटाला गणेश दरवाजा आणि आत देवीचं देऊळ दिलं, तिच्यावरून दुर्गाडी हे नाव पडलं. पुढे इंग्रजांच्या काळात इथले बरेच दगड काढून कल्याणच्या आणि ठाण्याच्या धक्क्यांना वापरले गेले. ही हकीकत ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. मला तर हीच सांगण्याजोगी गोष्ट वाटते. तट पडला तो शत्रूच्या तोफेने नव्हे; त्याची गरज संपली आणि दगड हाताशी होते, म्हणून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, वर्षभराने १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, आणि घाटातून येणारा माल पाण्याऐवजी रुळांवर चढला. ज्या मुलाला हे दुर्गाडीच्या बुरुजावरून दाखवता येतं त्याला अखंड तट नसला तरी चालतं.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. दुर्गाडीवर देऊळ आहे तशी ईदगाहही आहे. जागेच्या मालकीचा दावा १९७६ मध्ये दाखल झाला आणि कल्याणच्या न्यायालयाने त्याचा निकाल दिला तो डिसेंबर २०२४ मध्ये. वादाच्या जागी मुलं कशाला न्यायची? नवरात्रात किंवा ईदच्या दिवशी नेऊ नयेतच. पण एरवी न नेण्याचा अर्थ असा, की या जागेबद्दल मुलं जे ऐकतील ते फक्त रस्त्यावर ऐकतील. एका टेकडीवर वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या राजवटींनी काय काय बांधलं, हे शिक्षकाने क्रमाने, आवाज न चढवता सांगणं, याहून शाळेचं वेगळं काम ते कोणतं? निवाडा न्यायालयाचा, कालक्रम शाळेचा.

तिसरा आक्षेप वसईवर असतो: तो फिरंग्यांचा किल्ला, त्यात आपलं काय? चर्चच्या कमानी आणि फरशीवरची पोर्तुगीज अक्षरांची थडगी पाहून मुलांना स्वराज्य कसं कळणार? याचं उत्तर जिंकलेल्यांच्या वागण्यातच आहे. वसई मोहिमेतून आणलेल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आजही वाचता येतं आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा तर गावात म्हणीसारखी झाली आहे. ज्यांनी रक्त सांडून कोट घेतला त्यांनी तो परका म्हणून टाकला नाही. चिमाजीअप्पांचं नाव आज त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. शिवाय या एका कोटात मराठी सत्तेची चढती आणि उतरती कमान दोन्ही आहेत. १७३९ चा विजय इथलाच, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तहही वसईचाच. मधल्या काळात इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाणं आणि १७८० च्या डिसेंबरात वसई घेतली. पैकी ठाणं कायमचं गेलं, वसई तहात परत आली. म्हणजे खाडीच्या दोन्ही तोंडांवर डोळा ठेवणारे आता ते होते. रायगड मुलाला राज्य कसं उभं राहिलं ते दाखवतो. ते कसं हातचं गेलं हे दाखवणारी जागाही शाळेने टाळू नये.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप. रायगडाने जे अंगावर रोमांच येतात ते दुर्गाडीने येणार नाहीत. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. ६ जून १६७४ ची जागा ती एकच. म्हणूनच मी रायगड नको असं म्हणत नाही, रायगड नंतर असं म्हणतो. दिव्याहून महाड दीडशे किलोमीटरच्या आसपास, गाठायचा मुंबई-गोवा महामार्ग, वर सुमारे चौदाशे पायऱ्या किंवा रोपवेची रांग. पाचवी-सहावीचं मूल त्या एका दिवसात बहुतेक वेळ बसमध्ये काढतं आणि गडावर दमून पोहोचतं. तेच मूल आधी खाडीवर जाऊन आलं असेल, बंदर, जकात, घाट आणि तट यांचा मेळ त्याने एकदा जमवला असेल, तर नववीत रायगड चढताना ते विचारील की राजधानी समुद्रापासून इतक्या अंतरावर, सावित्रीच्या खोऱ्यावर नजर ठेवून का बसवली. रोमांच तेव्हाही येतील. उलट क्रमाने गेलं तर खाडीकडे कोणी वळतच नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

सोयीचं म्हणाल तर या सहलीला निघायला दिव्याइतकं योग्य ठिकाण नाही. दिवा-वसई मार्गावरची मेमू कोपर सोडल्यावर उल्हास ओलांडते आणि भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र अशी खाडीच्या उत्तर अंगाने वसई रोडला जाते. म्हणजे मराठ्यांचा कल्याण-भिवंडी आणि फिरंगाण यांच्यामधला जो सीमेचा पट्टा, त्यातूनच हा रूळ गेला आहे. उजवीकडे कामणदुर्गाचा डोंगरही दिसतो. पण पालकांची भीती खरी आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून माणसं पडून दगावली, आणि दिव्यात ‘मुलांना गाडीने नेतो’ हे वाक्य आता सहज म्हणता येत नाही. तेव्हा एकतर गर्दी नसलेला दिवस आणि वेळ निवडावी, नाहीतर सरळ एसटी करावी. शालेय सहलीला एसटीचं भाडं निम्मं पडतं, आणि अंजूर फाटा-कामण-चिंचोटी हा रस्ता त्याच मुलखातून जातो, वर अंजूरही वाटेवर लागतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींचे नियम कडक केले. वसईच्या कोटालाही समुद्राकडचा दरवाजा आहे, तो तटावरून पाहावा; खाली पाण्यापर्यंत न्यायचं कारण नाही.

ठाण्याचा कोट मात्र या सहलीत बाहेरूनच राहील, कारण तिथे आजही मध्यवर्ती कारागृह आहे. त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये या कोटातून निसटले, वासुदेव बळवंत फडके एडनला रवाना होण्याआधी इथे कैदेत होते, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. पोर्तुगिजांनी मराठ्यांच्या धास्तीने सुरू केलेला तट इंग्रजांनी मराठी माणसं आत ठेवायला वापरला, एवढं वर्गात फळ्यावर नकाशा काढून सांगता येईल. ते सहलीच्या आदल्या आठवड्यात सांगावं, म्हणजे वसईच्या तटावर उभं राहिल्यावर मुलांना विचारता येईल की या दोन कोटांपैकी आधी ठाण्यावरच हल्ला का झाला.